पाचांचे दोन झाले तेव्हा

मुरगावच्या धक्क्यावर उभे राहून समुद्राकडे पाहिले की आमच्या पिढीच्या माणसाला हटकून ती जर्मन जहाजांची गोष्ट आठवते. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. एरेनफेल्स, ब्राउनफेल्स, ड्राखेनफेल्स ही तीन जर्मन जहाजे आणि आन्फोरा हे इटालियन जहाज असा चौघांचा मेळा मुरगावात आसऱ्याला येऊन बसला होता. ९ मार्च १९४३ च्या पहाटे कलकत्त्याहून आलेल्या काही वयस्क इंग्रज हौशी सैनिकांनी एरेनफेल्सवर छापा घातला आणि खलाशांनी आपली जहाजे स्वतःच्याच हाताने जाळून बुडवली. ह्या प्रकरणावर पुढे पुस्तक आले आणि १९८० साली ग्रेगरी पेकचा चित्रपटही निघाला. त्याचे चित्रीकरण गोव्यातच झाले होते. ते पाहायला गेलेली माणसे अजून भेटतात आणि आपण ग्रेगरी पेकला किती हातांवरून पाहिले ते सांगतात. दर खेपेस हे अंतर थोडे कमी होत जाते.

पण आज मला जहाजांविषयी लिहायचे नाही. त्याच तटस्थ गोव्याकडे डोळे लावून बसलेली दुसरी काही माणसे होती, ती डोंगरातली. गोव्यात ती कधीच पोहोचली नाहीत. पोहोचली असती तर युद्ध संपेपर्यंत मुरगावच्या खलाशांबरोबर पत्ते कुटत बसली असती आणि आज त्यांचे नाव कोणी घेतले नसते. गोवा हुकला आणि ती ल्हासाला गेली.

१९३९ च्या उन्हाळ्यात नंगा पर्वताची टेहळणी करायला चार जणांची एक तुकडी आली होती. म्होरक्या पेटर आउफश्नायटर, वय ३९. बाकीचे तिघे तरुण : हाइनरिख हॅरर, हान्स लोबेनहोफर आणि लुट्स चिकन. पर्वताची दियामीर बाजू पाहून ते कराचीला आले आणि परतीच्या जहाजाची वाट पाहात बसले. जहाज आले नाही, युद्ध आले. इंग्रजांनी त्यांना उचलले आणि अहमदनगरच्या छावणीत आणून टाकले. हे आपले अहमदनगर, आताचे अहिल्यानगर. त्याच गावच्या किल्ल्यात पुढे १९४२ पासून नेहरू आणि इतर काँग्रेस पुढारी कैदेत होते, हे आपल्याला शाळेत शिकवतात. त्याच गावात त्याआधी हिमालयातले गिर्यारोहक डांबले होते, हे कोणी शिकवीत नाही. नंतर देवळाली आणि शेवटी डेहराडून.

नगर-देवळालीच्या मुक्कामात पळण्याचा विचार निघाला की नकाशावर तटस्थ ठिकाण म्हणून डोळ्यांत भरे तो आमचा गोवा. हॅरर आणि लोबेनहोफर ह्यांनी छावणी बदलण्याच्या प्रवासात ट्रकमधून उडी टाकून पाहिली, पण तो बेत तिथल्या तिथे फसला. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा क्षणभर डोळ्यांसमोर आले की नगरहून पाठीवर पिशवी टाकून निघालेले दोन गिर्यारोहक घाटमाथ्याच्या कडेकडेने दक्षिणेकडे चालत येताहेत आणि रामघाट उतरून आमच्या बाजूला येताहेत. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणाऱ्यांची ती जुनी वाट. त्या माणसांना ती चढण म्हणजे दुपारच्या जेवणानंतरची शतपावली झाली असती.

डेहराडूनला मात्र गोवा दूर गेला आणि हिमालय समोर आला. हॅरर १९४३ मध्ये एका इटालियन सेनाधिकाऱ्याबरोबर पळाला आणि पकडला गेला. मग २९ एप्रिल १९४४ ला सात जण एकदम बाहेर पडले. युक्ती अगदी साधी. रोल्फ मागेनर आणि हाइन्स फॉन हावे ह्या दोघांनी इंग्रज अधिकाऱ्यांचा वेष केला आणि उरलेल्या पाचांनी काटेरी तारांचे कुंपण दुरुस्त करणाऱ्या देशी मजुरांचा. तोंडाला रंग, डोक्याला मुंडासे, खांद्यावर शिडी. भर दुपारी फाटकातून चालत गेले. साहेब पुढे आणि मजूर मागे असे दिसले की आपल्याकडे कोण कोणाला अडवतो? मागेनर आणि हावे ह्यांनी तर साहेबी थाटातच रेल्वेने कलकत्ता गाठले आणि महिनाभरात ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर जपान्यांकडे पोहोचले. तीही एक जोडीच. पण त्यांची गोष्ट रेल्वेच्या डब्यातली, आपल्याला हवी आहे ती पायांची.

उरलेले पाच : आउफश्नायटर, हॅरर, ब्रुनो ट्रायपल, हान्स कॉप आणि झाटलर. झाटलर उंचीवरची विरळ हवा न सोसून सुरुवातीलाच मागे फिरला. चौघे मे महिन्याच्या मध्यावर त्सांगचोकला खिंड ओलांडून तिबेटात उतरले. तिबेटने त्यांना बाहेर काढले, ते शिपकी खिंडीकडून हिंदुस्थानात आले आणि स्पितीच्या बाजूने पुन्हा आत घुसले. ट्रायपलने एक घोडा घेतला आणि तो परत गेला. तिघे राहिले. ट्राडुन नावाच्या गावी कित्येक महिने ल्हासाच्या उत्तराची वाट पाहिल्यावर कॉप कंटाळला आणि नेपाळची वाट धरून निघाला. नेपाळने त्याला इंग्रजांच्या स्वाधीन केले. म्हणजे सातांचे पाच, पाचांचे चार, चारांचे तीन आणि तीनांचे दोन.

हे असे का झाले असावे, ह्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्याकडे लांब चालणे म्हणजे दिंडी. गोव्यातूनही पंढरपूरला दिंड्या जातात. तिथे शंभर माणसे, पताका, टाळ, मागून सामानाची गाडी. थकलेल्याला कोणीतरी हात देतो आणि चिडलेला दुसऱ्या कोणाशी तरी बोलतो. दोघांच्या चालण्यात ही सोय नाही. मी आणि आमच्या खात्यातला माझा एक सहकारी, आम्ही एकदा सत्तरीतल्या केरीहून रानवाटेने चोर्ल्याच्या माथ्यावर चढून गेलो. अंतर काहीच नव्हे. पण पाण्याच्या दोन बाटल्यांपैकी एक त्याने अर्ध्या वाटेत पाय धुवायला वापरली आणि पुढचे दोन तास आम्ही एकमेकांशी अक्षर बोललो नाही. माथ्यावरच्या चहाच्या टपरीवर दोघांनी वेगवेगळे पैसे दिले. दुसऱ्या दिवशी कचेरीत समोरासमोरची टेबले. आजही ती बाटली अधूनमधून निघते.

आणि हे दोघे एकवीस महिने! सुमारे दोन हजार किलोमीटर! वयात तेरा वर्षांचे अंतर. एक आउफश्नायटर, शेतकीशास्त्र शिकलेला, मितभाषी, १९२९ आणि १९३१ च्या कांचनगंगा मोहिमांत मुरलेला, कैदेत बसून तिबेटी भाषा पक्की केलेला. दुसरा हॅरर, १९३८ साली आयगर पर्वताच्या उत्तर भिंतीवर प्रथमच चढून गेलेल्या चौघांपैकी एक, युरोपभर नाव झालेला, अंगात रग असलेला. एकाला भाषा आणि नकाशा कळतो, दुसऱ्याला धडक मारता येते. कॉप गेल्यावर ह्यांनी वेगळे व्हायचे ठरवले असते तर भाषा एकीकडे आणि धडक दुसरीकडे गेली असती.

ट्राडुनला शेवटी ल्हासाचे उत्तर आले, ते असे की किरोंगच्या वाटेने नेपाळात निघून जा. इथे मला तिबेटच्या जुन्या राज्यकारभाराविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण विषय माझ्या धंद्याचा आहे. परदेशी माणसाला देशात येऊ द्यायचे नाही हा ल्हासाचा नियम. पण त्यांना अडवणारा अधिकारी आपल्या मुलुखापुरताच जबाबदार. त्याला ही दोन माणसे स्वतःच्या हद्दीत नको असत, बाकी कुठेही चालत. ठेवून घेतले तर वरून बोलणी, हाकलताना मेली तर पाप. म्हणून तो त्यांना खायला घाली, वाहतुकीला जनावर देई, एक परवाना लिहून देई आणि पुढच्या अधिकाऱ्याकडे लावून देई. आमच्याकडे फाइल ह्या टेबलावरून त्या टेबलावर 'योग्य कार्यवाहीसाठी' जाते तसे हे दोघे पश्चिम तिबेटातून पूर्वेकडे सरकत गेले. गंमत म्हणजे असाच एक जुना परवाना त्यांनी जपून ठेवला आणि पुढे ल्हासाच्या जवळपासच्या अधिकाऱ्यांसमोर तोच बिनदिक्कत नाचवला. परवाना भलत्याच भागासाठी होता. कागदावर शिक्का असला की मजकूर कोण वाचतो!

डिसेंबर १९४४ मध्ये ते किरोंगला निघाले. नावाचा अर्थ आनंदाचे गाव. नेपाळच्या सीमेजवळचे, सुमारे नऊ हजार फुटांवरचे, झाडी असलेले आणि तिबेटच्या मानाने उबदार. तिथे ते नेपाळला जातो, जातो म्हणत पुढच्या नोव्हेंबरपर्यंत राहिले. तिथेच त्यांना युद्ध संपल्याची बातमी कळली.

ह्या ठिकाणी गोष्ट बदलते आणि माझा सगळा जीव ह्याच ठिकाणी गुंतला आहे. युद्ध संपले. म्हणजे आता पळण्याचे मूळ कारण संपत आले. परत गेले तर काही काळ पुन्हा तारेच्या आत बसावे लागेल ही भीती होती, पण आज ना उद्या घरी पाठवणी होणारच होती. हॅररला घरी जाण्यासारखे कारणही होते. लग्नाला वर्ष होत नाही तोच तो हिमालयात आला होता आणि डिसेंबर १९३९ मध्ये, तो कैदेत असताना, त्याला मुलगा झाला होता. बायको आल्फ्रेड वेगेनरची मुलगी, म्हणजे खंडे सरकतात असे सांगणाऱ्या त्या शास्त्रज्ञाची. तो मुलगा आता सहा वर्षांचा होत आला होता आणि बापाने त्याला पाहिले नव्हते. आणि हे दोघे किरोंगहून गुपचूप बाहेर पडले ते दक्षिणेला नव्हे, उत्तरेला.

नेहमीचा रस्ता शिगात्सेवरून, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून जातो. त्या रस्त्यावर गावे आहेत, म्हणजे अधिकारी आहेत. म्हणून त्यांनी चांगथांग निवडले. चांगथांग म्हणजे उत्तरेचे पठार, पंधरा-सोळा हजार फुटांवरची झाड नसलेली मोकळी जमीन, तुरळक भटक्या पशुपालकांचे तंबू आणि हिवाळ्यात हाडे फोडणारे वारे. डिसेंबर महिन्यात तिथे कोणी शहाणा जात नाही, म्हणून तिथे कोणी विचारणारा नसतो. त्यांच्याजवळ एक कुत्रा होता आणि ओझे वाहायला एक याक होता, त्याचे नाव त्यांनी आर्मिन ठेवले होते. खायला सातूचे पीठ, सुके मांस, लोणी घातलेला चहा. रात्री पारा उणे तिसाच्याही खाली. जळणासाठी याकचे शेण मिळाले तर मिळाले. रात्री उबेसाठी एकमेकांना चिकटून झोपायचे. पाय सुजलेले, बोटे बधिर. एकाने ओझे बांधायचे तर दुसऱ्याने याक धरायचा, कारण एकट्याच्या गोठलेल्या हातांनी गाठ बसत नसे.

एकदा एका तंबूत आसरा मागितला आणि मग लक्षात आले की ही माणसे खाम्पा आहेत. पूर्व तिबेटातले हे लोक त्या पठारावर दरोड्यांसाठी बदनाम होते. तिथून त्यांना चुकवून, उलट्या दिशेने फिरून, दोघे कसेबसे निसटले. अशा वेळी काय करायचे हे बोलून ठरवता येत नाही. डोळ्यांनी ठरवावे लागते. एकवीस महिने बरोबर चालल्यावरच ते जमत असेल.

१५ जानेवारी १९४६ ला दोघे ल्हासात शिरले. अंगावर फाटकी मेंढीची कातडी, दाढ्या वाढलेल्या, खिशात जवळजवळ काही नाही. पोतालाच्या सोनेरी छपरांखालून ते वेशीतून आत गेले आणि त्यांना कोणी हटकले नाही. हजारो फूट उंचीच्या खिंडींवर अधिकारी अडवीत होते आणि राजधानीच्या दारात कोणी नाही. एका मोठ्या घराच्या आवारात ते बसून राहिले. नोकर हाकलू लागले, ही दोघे हलेनात. शेवटी थांगमे नावाच्या एका सरदाराने त्यांना घरी नेले. त्याच्याकडे शहराच्या विजेचे खाते होते. म्हणजे ल्हासात त्यांच्यावर दया आली ती वीज खात्याला, ही नोंद करून ठेवतो.

पुढचे बहुतेकांना ठाऊक असते. कोवळ्या वयाच्या दलाई लामांशी हॅररची ओळख झाली, तो त्यांना इंग्रजी, भूगोल शिकवू लागला, त्यांच्यासाठी चित्रपट दाखवण्याची खोली बांधली. १९५० च्या ऑक्टोबरात चिनी फौजा आत आल्या आणि पुढच्या वर्षी हॅरर तिबेटच्या बाहेर पडला. १९५२ मध्ये 'तिबेटात सात वर्षे' हे त्याचे जर्मन पुस्तक निघाले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजीत आले. मी ते पणजीच्या मध्यवर्ती वाचनालयात वाचले, कॉलेज संपून नोकरी लागण्याच्या मधल्या रिकाम्या वर्षात. तेव्हा मला हॅररच दिसला. आउफश्नायटर पानांच्या कडेला उभा होता.

पण त्याने ल्हासात केले काय? कालवा खणण्याचे काम पाहिले, पाण्यावर वीज करण्याची योजना आखली आणि शहराची रीतसर मोजणी करून ल्हासाचा नकाशा तयार केला. हॅरर ह्या कामात मदतीला होता. गल्लोगल्ली फिरून, माप घेऊन काढलेला तो नकाशा. नंतरच्या काळात त्या शहराचे जे झाले ते पाहता जुने ल्हासा कुठे कसे होते हे सांगणाऱ्या मोजक्या भरवशाच्या कागदांपैकी तो एक आहे. ज्याने फायलीवर टिपण लिहिले आणि सही मात्र वरच्याची झाली, अशा कोणाही कारकुनाला ह्या माणसाविषयी आपुलकी वाटल्याशिवाय राहणार नाही. मला तरी वाटली.

हॅरर गेल्यावरही आउफश्नायटर तिबेटात राहिला. फिरत फिरत तो पुन्हा किरोंगला आला आणि १९५२ मध्ये नेपाळात उतरला. म्हणजे ल्हासाने १९४४ मध्ये ज्या वाटेने निघून जा असे बजावले होते त्याच वाटेने, सात वर्षे उशिरा, हुकमाची अंमलबजावणी झाली. मग काठमांडूत शेतकी तज्ज्ञ म्हणून काम, नेपाळचे नागरिकत्व. १९७३ मध्ये तो ऑस्ट्रियात वारला. हयातीत त्याने पुस्तक छापले नाही.

१९९७ मध्ये हॉलिवूडचा चित्रपट आला. हॅरर झालेला ब्रॅड पिट सगळ्यांना आठवतो, आउफश्नायटर झालेला डेव्हिड थ्यूलिस किती जणांना आठवतो? त्यात त्याचे एका तिबेटी तरुणीशी लग्न लावले आहे, ते चित्रपटापुरतेच. आणि त्याच वर्षी एका जर्मन साप्ताहिकाने कागदपत्रे बाहेर काढली की हॅरर १९३३ पासून नाझींच्या वादळी पथकात आणि १९३८ पासून एसएसमध्ये होता. इतकी वर्षे त्याने हे दडवले होते. तो म्हणाला, ती माझ्या आयुष्यातली घोडचूक होती. २००६ मध्ये, ९३ व्या वर्षी तो गेला.

हे कळल्यावर माझे मन त्या पुस्तकावरून काही काळ उडाले होते, हे कबूल करतो. चांगथांगवर गोठलेल्या हातांनी मित्राची गाठ बांधणारा माणूस आणि तो गणवेष अंगावर चढवणारा माणूस एकच, हे पचवायला जड जाते. आउफश्नायटरला तरी धुतल्या तांदळासारखा म्हणावे, तर तेही धजत नाही. त्यांची मोहीम त्या काळच्या जर्मनीतल्या संस्थेने पाठवलेली होती आणि ती संस्था त्या राजवटीच्या सावलीत वाढली होती. तरी मी पुस्तक पुन्हा वाचले. ह्या खेपेस हॅररची वाक्ये सोडून आउफश्नायटरचे नाव जिथे जिथे येते तिथे थांबत वाचले. तो क्वचितच बोलतो. पण वाट कुठे जाते हे बहुतेक वेळा त्यालाच माहीत असते.

त्याची टिपणे आणि चित्रे मार्टिन ब्राउएन ह्यांनी संपादित करून १९८३ मध्ये, म्हणजे तो गेल्यानंतर दहा वर्षांनी, जर्मनमध्ये प्रसिद्ध केली. इंग्रजी अवतार यायला २००२ उजाडले. त्याच्या इंग्रजी नावात तिबेटातली वर्षे आठ आहेत, सात नव्हेत. ते पुस्तक मला अजून पाहायला मिळालेले नाही. पणजी, मडगाव, म्हापसे कुठेही कोणा वाचकाकडे असल्यास कळवावे, मी येऊन वाचून परत करीन. चोर्ल्याचा तो सहकारीही बरोबर यायचे म्हणतो. पाणी मात्र ज्याचे त्याने आणायचे ठरले आहे.